३७८ युरोंचा इसार: कार्ड न घेणाऱ्या एका इटालियन शेतघराचं प्रकरण

परिस्थिती अशी आहे. इटलीच्या तोस्काना भागात एक शेतघर आहे, 'आग्रितुरीस्मो' वर्गातलं, म्हणजे चालू शेतीला जोडून पाहुण्यांना राहायला जागा देणारं. इटलीत अशा घरांसाठी २००६ चा ९६ क्रमांकाचा स्वतंत्र कायदा आहे. युरो क्षेत्राबाहेरच्या देशातल्या चौघांच्या कुटुंबाला तिथे शनिवार १२ सप्टेंबर ते शनिवार १९ सप्टेंबर अशा सात रात्री राहायचंय. भाडं रात्रीला १८० युरो, एकूण १,२६०. मालकिणीची मेल शुक्रवारी २७ मार्चला आली: तीस टक्के, म्हणजे ३७८ युरो, बँकेतून पाठवा, रक्कम ८ एप्रिलपर्यंत खात्यावर दिसली नाही तर तारखा मोकळ्या करू, उरलेले पैसे आल्यावर रोख, कार्ड चालत नाही.

हे प्रकरण नेहमी घडणाऱ्या व्यवहारांवरून बेतलं आहे आणि हिशेब सोपा जावा म्हणून आकडे सुटसुटीत ठेवले आहेत. नियम आणि तारखांचे हिशेब मात्र खरे आहेत.

कार्ड चालत नाही याचा अर्थ

एवढं वाचूनच बरेच जण घाबरतात. कार्ड नाही म्हणजे फसवणूक, असं सरळ समीकरण मांडता येत नाही. इटलीत व्यावसायिकांना कार्डाचं मशीन ठेवणं सक्तीचं आहे आणि ३० जून २०२२ पासून कार्ड नाकारल्यास ३० युरो अधिक व्यवहाराच्या चार टक्के इतका दंड आहे. पण काउंटरवर मशीन असणं आणि परदेशातल्या माणसाच्या कार्डावरून दुरून पैसे घेता येणं या दोन वेगळ्या सोयी आहेत. दुसरीसाठी बँकेशी वेगळा करार लागतो आणि फसव्या व्यवहाराचा भुर्दंड दुकानदारावर येण्याचा धोका असतो. वर्षाला मोजके पाहुणे घेणारं घर त्या भानगडीत पडत नाही. त्यामुळे पहिल्या उत्तरात दोन प्रश्न विचारून पाहावेत: पैसे भरायची लिंक पाठवता येईल का? आणि उरलेली रक्कम तिथे मशीनवर कार्डाने देता येईल का? या प्रकरणात दोन्हींना नकार आला. 'कार्डाचा नंबर मेलवर पाठवा, मी बघते' असं उत्तर आलं असतं, तर तो मार्ग घ्यायचा नव्हता. मेलपेटीत पडलेला कार्ड नंबर वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

कार्डाने पैसे दिले की वाद झाल्यास कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागता येते. बँक ट्रान्सफरला तशी सोय नाही. पैसे समोरच्या खात्यावर जमा झाले की ते परत यायला त्या खातेदाराची संमती लागते. शिवाय ठरावीक तारखांच्या निवासाला युरोपीय ग्राहक कायद्यातली चौदा दिवसांत माघार घ्यायची मुभाही लागू होत नाही. म्हणून कार्डामुळे जे संरक्षण मागाहून मिळतं, ते इथे पैसे सुटण्याच्या आधी कागदावर उभं करावं लागतं. या प्रकरणातलं बहुतेक काम पैसे पाठवण्याच्या, म्हणजे १ एप्रिलच्या, आतलं आहे ते त्यामुळेच.

बाकीचे पर्याय लवकर निकालात निघतात. परदेशी चेक वटायला आठवडे लागतात आणि वसुलीचा खर्च ३७८ युरोंच्या मानाने फार होतो. पेपालवर 'मित्र आणि कुटुंब' या प्रकाराने पैसे पाठवले तर खरेदीदाराचं संरक्षण मिळत नाही. रोख उचलता येणारं मनीऑर्डरसारखं ट्रान्सफर, गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टो यांपैकी काही मागितलं गेलं, तर घराचे फोटो कितीही सुंदर असोत, तिथेच थांबावं.

घर खरं आहे का

इटलीत १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक पर्यटक निवासाला राष्ट्रीय ओळख क्रमांक सक्तीचा आहे. त्याला 'चिन' म्हणतात. तो आयटी या अक्षरांनी सुरू होतो, पर्यटन मंत्रालयाच्या नोंदवहीतून मिळतो, आणि जाहिरातीत व घराबाहेर लावावा लागतो. मालकिणीच्या संकेतस्थळावर तो तळाशी होता. नसता, तर मेलवर मागायचा होता. खऱ्या मालकाला तो द्यायला दोन मिनिटं लागतात.

दुसरा क्रमांक 'पार्तिता इव्हा', म्हणजे व्यवसायाचा अकरा आकडी करक्रमांक. इटलीच्या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर तो चालू आहे की बंद, हे कुणालाही फुकट पाहता येतं. युरोपीय आयोगाची व्हीज नावाची तपासणीही आहे, पण तिथे फक्त युरोपीय देशांतर्गत व्यापारासाठी नोंदलेले क्रमांक सापडतात. छोट्या शेतघराचा क्रमांक तिथे 'अवैध' दिसला म्हणून घर खोटं ठरत नाही.

मग खातं. आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा बँक खाते क्रमांक. इटलीचा आयबॅन सत्तावीस अक्षरांचा असतो: आयटी, दोन तपास आकडे, एक अक्षर, पाच आकडी बँक, पाच आकडी शाखा, आणि बारा स्थानांचा खाते क्रमांक. शेवटच्या बारांत अक्षरंही येऊ शकतात, त्यामुळे शून्य आणि ओ यांची गल्लत होते. दोन तपास आकडे ही गल्लत पकडतात: पहिली चार अक्षरं शेवटी नेऊन, अक्षरांना ए म्हणजे १० ते झेड म्हणजे ३५ असे अंक देऊन येणाऱ्या संख्येला ९७ ने भागलं की बाकी १ उरली पाहिजे. बँकेचा फॉर्म हे स्वतःच करतो. त्यातून कळतं एवढंच, की क्रमांक लिहिताना चूक झालेली नाही. तो क्रमांक कुणाचा आहे, हे त्यातून कळत नाही.

मंगळवारी ३१ मार्चला दुसरी मेल आली. 'आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, कृपया या नव्या आयबॅनवर पाठवा.' भाषा तीच, सही तीच, खाली आधीचा सगळा पत्रव्यवहारही जोडलेला. पत्त्यात एक अक्षर जास्त होतं आणि नवा आयबॅन दुसऱ्याच देशाच्या अक्षरांनी सुरू होत होता. परदेशी आयबॅन असणं हा पुरावा नव्हे. युरोपात व्यावसायिकाचं खातं शेजारच्या देशातल्या ऑनलाइन बँकेत असू शकतं, आणि उलट भामट्याचं खातं इटलीतही असू शकतं. खरी खूण म्हणजे ठरलेल्या खात्यात पैसे जाण्याच्या तोंडावर झालेला बदल. कुटुंबाने मेलला उत्तर दिलं नाही, मेलमधल्या नंबरवर फोनही केला नाही. संकेतस्थळावर आधीपासून असलेल्या आणि नकाशावरच्या नोंदीशी जुळणाऱ्या नंबरवर फोन केला आणि मालकिणीला तिच्या आयबॅनचे शेवटचे सहा आकडे तिच्याच तोंडून सांगायला लावले. जुना आयबॅन बरोबर होता. मेलपेटी कुणीतरी उघडून वाचत होतं.

आयबॅन आपण वाचून दाखवून 'हा बरोबर ना?' असं विचारू नये. घाईत असलेला माणूस 'हो, हो' म्हणून मोकळा होतो. सांगायचं त्याने, पडताळायचं आपण.

युरो क्षेत्रातल्या बँकांना ९ ऑक्टोबर २०२५ पासून पैसे सुटण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का ते दाखवणं बंधनकारक झालं आहे. ही सोय युरोपातल्या युरो ट्रान्सफरसाठी आहे. बाहेरच्या देशातून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्याने, जाणाऱ्या पैशाला ती गृहीत धरू नये. तिथे कित्येकदा रक्कम फक्त क्रमांक पाहून जमा होते आणि नावाकडे कुणी बघतही नाही. तो फोन म्हणूनच टाळता येत नाही.

इसार, आगाऊ, अनामत

मालकिणीच्या मेलमध्ये नुसतं 'डिपॉझिट' लिहिलं होतं. इटालियन कायद्यात याचे वेगवेगळे अर्थ होतात आणि पैसे बुडणार की परत मिळणार ते त्यावर ठरतं. 'कापारा कॉन्फेर्मातोरिया' म्हणजे आपल्याकडचा इसार. नागरी संहितेच्या १३८५ कलमाप्रमाणे इसार देणाऱ्याने करार मोडला तर घेणारा ती रक्कम ठेवून मोकळा होऊ शकतो, आणि घेणाऱ्याने मोडला तर देणाऱ्याला दुप्पट मागता येते. 'आकोन्तो' म्हणजे किमतीचा आगाऊ हप्ता. करार संपला तर तो परत करायचा असतो, मात्र समोरच्याला नुकसानभरपाई मागता येते. 'कावत्सिओने' म्हणजे मोडतोडीसाठीची अनामत, जी निघताना परत मिळते. कागदावर काहीच स्पष्ट नसेल तर रक्कम सर्वसाधारणपणे आगाऊ हप्ता मानली जाते. मालकाला हे ठाऊक असतं, म्हणून बऱ्याच घरांच्या पावतीवर 'कापारा' हाच शब्द असतो.

पाहुण्याच्या दृष्टीने इसार वाईट नाही. मालकिणीने सप्टेंबरचा तो आठवडा जास्त पैसे देणाऱ्याला देऊन टाकला, तर ७५६ युरो मागायचा हक्क राहतो. कुटुंबाने इसार मान्य केला, पण एक अट लिहून घेतली: ३१ जुलैपर्यंत रद्द केल्यास पूर्ण परतावा, त्यानंतर रद्द केल्यास इसार बुडेल. फोनवर ठरलेलं सगळं एका मेलमध्ये मांडलं आणि मालकिणीकडून 'मान्य' असं उत्तर घेतलं. त्या मेलमध्ये हे होतं: घराचं आणि मालकिणीचं पूर्ण नाव, चिन, करक्रमांक, तारखा, किती माणसं, कोणतं घर, एकूण १,२६०, आता ३७८, आल्यावर ८८२, नगरपालिकेचा पर्यटक कर यात धरलेला नाही, तो वेगळा, २०० युरो अनामत आल्यावर रोख, निघताना परत, बँकेच्या वाटेत पैसे कापले गेले तर फरक शेवटच्या रकमेत जमा करू, आरक्षण मोडणार नाही, आणि परतावा द्यायची वेळ आली तर कोणत्या खात्यावर.

वाटेतल्या कपातीची ओळ लोक हमखास विसरतात. पुढे नेमकी तीच उपयोगी पडली.

बँकेचा फॉर्म

बुधवारी १ एप्रिलला फॉर्म भरला. चलन युरो निवडलं. हे साधं वाटतं, पण कित्येक बँकांचा फॉर्म आधीच डॉलरवर ठेवलेला असतो. तसाच पाठवला की स्वतःच्या चलनातून डॉलर, डॉलरमधून युरो असं दोनदा रूपांतर होतं, आणि दुसऱ्या वेळचा दर समोरची बँक ठरवते. रक्कमही 'समोरच्याला ३७८ युरो' या रकान्यात लिहायची, स्वतःच्या चलनाच्या रकान्यात नव्हे.

लाभार्थीचं नाव बँकेत आहे तसं, पण स्वरांवरच्या टिंबा-रेघांशिवाय. स्विफ्टच्या जुन्या अक्षरसंचात त्या बसत नाहीत, त्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात आणि व्यवहार कुणीतरी हाताने तपासायला बाजूला ठेवतं. आयबॅन मोकळ्या जागांशिवाय. छापताना तो चार-चार अक्षरांत तोडतात, फॉर्मला ते चालत नाही. बँकेची ओळख सांगणारा बिक कोड (यालाच स्विफ्ट कोडही म्हणतात) आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो, त्यातली पाचवी आणि सहावी अक्षरं देशाची. इथे ती आयटी होती, आयबॅनशी जुळत होती.

कारणाच्या रकान्यात एकूण १४० अक्षरं मावतात, पस्तीसच्या चार ओळी. त्यात सर्वात आधी आरक्षणाचं आडनाव, मग १२ ते १९ सप्टेंबर, मग कापारा कॉन्फेर्मातोरिया. आडनाव पहिलं असावं, कारण मालकिणीच्या मोबाइल अॅपवर कधी कधी पहिली ओळच दिसते. खातं एकाच्या नावाने आणि आरक्षण दुसऱ्याच्या, असं असेल तर ही ओळ नसल्यास तिला कुणाचे पैसे आले ते कळतच नाही.

शुल्काच्या रकान्यात तीन पर्याय असतात. 'ओयूआर' म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं. 'एसएचए' म्हणजे आपल्या बँकेचं आपण, बाकीच्यांचं समोरच्याने. 'बेन' म्हणजे सगळं समोरच्याने. फॉर्मवर एसएचए आधीच निवडलेलं होतं आणि ते तसंच राहिलं. दोन बँकांचा थेट संबंध नसेल तर मध्ये तिसरी बँक येते आणि एसएचए असेल तर ती आपलं शुल्क मूळ रकमेतून कापते. ओयूआर निवडूनही समोरची बँक परदेशी रक्कम स्वीकारण्याचं शुल्क मालकाकडून घेऊ शकते, पण वाटेतली कपात बहुतेक टळते. इसाराच्या रकमेला ओयूआरच घ्यावा, थोडा महाग पडला तरी.

युरोपातल्या स्थानिक खात्यातून पैसे देणाऱ्या सेवा, उदाहरणार्थ वाइज, जिथे उपलब्ध आहेत तिथे हा प्रश्न उरत नाही. पैसे आपल्या देशात त्यांच्या खात्यात जातात आणि इटलीत त्यांच्या युरो खात्यातून निघतात, त्यामुळे ३७८ चे ३७८ पोचतात. फक्त मालकाच्या खात्यावर पाठवणाऱ्याच्या जागी कधी कधी त्या सेवेचं नाव दिसतं, म्हणून कारणाची ओळ आणखी महत्त्वाची. बँक असो की अशी सेवा, पाठवणाऱ्या देशाच्या नियमांप्रमाणे पैसे पाठवण्याचं कारण विचारलं जातं. वरची 'मान्य' मेल आणि मालकिणीचं भाड्याचं पत्रक तेव्हा हाताशी असावं.

आठ दिवस आणि तेवीस युरो

फॉर्म दुपारी चारला सुटला. परदेशी व्यवहार घ्यायची बँकेची त्या दिवसाची वेळ टळली होती, म्हणून तो २ एप्रिलच्या गुरुवारी हाती घेतला गेला. परकीय चलनाचा व्यवहार साधारणपणे दोन कामाच्या दिवसांनी पुरा होतो, आणि हे दिवस मोजायचे ते युरोच्या दिनदर्शिकेप्रमाणे. युरोची मुख्य यंत्रणा शनिवार-रविवारखेरीज वर्षात सहा दिवस बंद असते: १ जानेवारी, गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर. ३ एप्रिल गुड फ्रायडे, मग शनिवार-रविवार, ६ एप्रिल ईस्टरचा सोमवार. म्हणजे गुरुवारनंतरचा पहिला कामाचा दिवस मंगळवार ७, दुसरा बुधवार ८. मालकिणीच्या खात्यावर रक्कम दिसली गुरुवारी ९ तारखेला, मुदतीनंतर एक दिवसाने.

आरक्षण टिकलं, कारण २ तारखेलाच कुटुंबाने तिला बँकेची स्विफ्ट प्रत (पैसे पाठवल्याचा बँकेचा कागद) पाठवली होती. इटालियन मालक याला 'कोन्ताबिले' म्हणतात आणि बऱ्याचदा 'सीआरओ' क्रमांक मागतात. तो अकरा आकडी क्रमांक इटलीच्या देशांतर्गत ट्रान्सफरचा. बाहेरून पाठवणाऱ्याकडे तो असणारच नाही. त्याऐवजी प्रतीवरचा छत्तीस अक्षरांचा 'यूईटीआर' द्यायचा. त्यावरून दोन्हीकडच्या बँकांना पैसे कुठे अडकले आहेत ते पाहता येतं. नुसता 'ट्रान्सफर यशस्वी' असा मोबाइलचा स्क्रीनशॉट पुरत नाही.

जमा झाले ३५५ युरो. मधल्या बँकेने १५ कापले, मालकिणीच्या बँकेने ८. आता २३ युरो पुन्हा पाठवायचे म्हटले तर दुसऱ्या ट्रान्सफरचं शुल्क त्याहून जास्त, आणि त्यातूनही वाटेत कपात. मेलमधल्या ओळीप्रमाणे फरक शेवटच्या रकमेत गेला: ८८२ अधिक २३, म्हणजे ९०५. मालकिणीने ३५५ मिळाल्याची आणि ९०५ बाकी असल्याची मेल केली. तोच यापुढचा हिशेबाचा कागद.

रक्कम ९ तारखेनंतरही दिसली नसती तर? आधी आपल्या बँकेकडे यूईटीआर देऊन माग काढायला सांगायचं. आयबॅन अस्तित्वात नसेल तर पैसे शुल्क कापून परत येतात. पण चुकून दुसऱ्याच चालू खात्यावर गेले असतील तर त्याच दिवशी परत बोलावण्याची विनंती लेखी टाकावी लागते. एकदा समोरच्याने ते काढले की बँकेच्या हातात फारसं काही उरत नाही.

९०५ रोख, आणि परतावा

इटलीत १ जानेवारी २०२३ पासून रोख व्यवहाराची मर्यादा ५,००० युरो आहे; त्या रकमेपासून पुढे माग राहील अशाच मार्गाने पैसे द्यावे लागतात. ९०५ अधिक २०० अनामत अधिक पर्यटक कर हे त्याच्या बरेच खाली आहे. पण एवढी रोकड एकाच वेळी एटीएममधून निघेल असं नाही, कारण मशीनची आणि कार्डाची मर्यादा वेगवेगळी असते. दोन-तीन दिवसांत काढावी. मशीनने 'तुमच्या चलनात रक्कम घेऊ का' असं विचारलं की नकार देऊन युरोतच घ्यावी. मशीनचा दर बहुतेकदा महाग असतो. युरोपीय संघात शिरताना १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर घोषणा करावी लागते, इथे तो प्रश्न नाही.

पैसे देताना पावती १,२६० ची घ्यावी, ९०५ ची नाही, आणि तिच्यावर आधी मिळालेली रक्कम वजा दाखवलेली असावी. वाटेत कापले गेलेले २३ युरो बँकांचे; भाड्याचा हिशेब ३५५ अधिक ९०५ असाच जुळतो. पर्यटक कराची आणि २०० युरो अनामतीची वेगवेगळी पावती घ्यावी. अनामतीच्या पावतीवर परत देण्याचा दिवस लिहिलेला असावा. आल्याबरोबर घराचे फोटो काढून त्याच दिवशी मालकिणीला पाठवले की निघताना वाद होत नाही.

कुटुंबाला जुलैत रद्द करावं लागलं असतं, तर परतावाही याच वाटेने आला असता. युरोपाबाहेरच्या अनेक देशांत आयबॅन नसतो आणि इटालियन नेटबँकिंगच्या साध्या फॉर्ममध्ये आयबॅनशिवाय पुढे जाता येत नाही. मालकाला परदेशी ट्रान्सफरचा वेगळा फॉर्म भरावा लागतो, त्याचं शुल्कही लागतं, आणि तिथेच परतावे महिनोन् महिने रखडतात. म्हणून त्या 'मान्य' मेलमध्येच खाते क्रमांक, बँकेचा स्विफ्ट कोड, शाखेचा पत्ता आणि 'परताव्याचं शुल्क रकमेतून कापावं' हे लिहून ठेवलं होतं. परत येणारे पैसे त्या दिवशीच्या दराने येतात, पाठवल्या दिवशीच्या नाही. त्यामुळे 'पूर्ण परतावा' याचा अर्थ मिळालेले ३५५ युरो वजा शुल्क एवढाच धरायचा. स्वतःच्या चलनात खात्यातून गेलेली रक्कम तेवढीच परत दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये.